मी मागे घेतलेली हरकत

इथले भुताखेतांचे अनुभव वाचून आजवर मी खाली एकच कमेंट टाकत आले - "पुरावा?" अमानवीय वगैरे मानणं म्हणजे विचार करण्याचा आळस, हे वाक्य तर मी स्वतः पत्रकात छापून चौकात वाटलंय. आता माझ्याकडे पुरावा आहे... आणि तोच माझा प्रॉब्लेम आहे.

आमचं घर सदाशिव पेठेत, तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. घरी मी आणि बाबा. बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली - पाण्यासाठी, बसभाड्याविरुद्ध, झाडांसाठी. सहाव्या वर्षी मी त्यांच्या घड्या घालत होते, दहाव्या वर्षी मथळे लिहीत होते. बाबांची शिस्त अशी की आधी सगळी अक्षरं बोडकी, वरच्या रेघेशिवाय लिहायची, मग पट्टी ठेवून ओळभर एकच रेघ ओढायची. ती सवय अजून सुटलेली नाही. बँकेचा फॉर्मसुद्धा मी तसाच भरते.

इमारतीच्या मागे रेन ट्रीचं मोठं झाड होतं, गच्चीच्याही वर गेलेलं आणि एका अंगाला कललेलं. कललेल्या बाजूला पत्र्याची अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची चाळीसेक मुलं-मुली तिथे दिवसभर मान खाली घालून बसतात. झाड काढण्याच्या अर्जावर इमारतीतल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, माझी सोडून. शहरात कुठेही झाडाला नोटीस लागली की हरकत घेणारी मी... स्वतःच्या दारात सही कशी करणार?

एप्रिलमध्ये वारं सुटलं आणि एक फांदी पत्रा फोडून आत आली. खालची खुर्ची रिकामी होती, कारण तिथे बसणारी प्रणाली तेवढ्यात चहाला गेली होती. प्रणाली वाशिमची. दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली.

"ताई, तुमचं पत्रक वाचलं होतं मी. झाडाला मत देता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं आपण द्यायचं, असं होतं त्यात."

"हो."

"मले इतकंच विचाराचं होतं... माह्या वतीनं कोण देणार?"

मी झाडापाशी गेले. बुंध्यावर थाप मारली तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. मुळाशी हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला.

त्याच दिवशी मी सही केली. नुसती सही नाही, अर्जच नव्याने लिहिला. बाबा म्हणाले, "चला, निदान करवतीच्या बाजूचं शुद्धलेखन तरी सुधारलं." मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता - "बरोबर केलंस."

पाहणी झाली, झाड धोकादायक ठरलं, बुंध्यावर नोटीस चिकटली - हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी. आठव्या दिवशी महापालिकेच्या कार्यालयातून फोन आला. मी गेले. तिथल्या क्लार्कनी फाइल माझ्याकडे फिरवली.

"मॅडम, अर्ज तुमचा. आणि हरकतही तुमचीच? तुमचं तुमच्याशी बोलणं होत नाही का?"

कागदावर माझं अक्षर होतं. माझी सही. ओळभर पट्टीनं ओढलेली एकच रेघ. मजकूर एवढाच - "झाडाखाली एक जण आहे. झाडावर एक जण आहे. दोघांचं ऐकल्याशिवाय झाड तोडू नये."

"हे मी लिहिलेलं नाही."

"मग कोणी लिहिलं?"

"कोणी आणून दिलं हा कागद?"

"रोज इतकी माणसं येतात. चेहरे लक्षात ठेवायला मी काय फोटोग्राफर आहे?"

आवक शिक्क्यावर बुधवारची तारीख होती. बुधवारी मी दिवसभर हिंजवडीला ऑफिसात होते. सकाळची कंपनीची बस, संध्याकाळची बस, दोन्ही वेळा कार्ड स्वाइप... सगळी नोंद आहे.

क्लार्क म्हणाले, "हरकत ठेवली तर सुनावणी लागेल. दीड-दोन महिने जातील. पावसाळा तोंडावर आहे, बघा बुवा. नसेल ठेवायची, तर मागे घेतल्याचं लिहून द्या."

मला ती खुर्ची दिसत होती. मी लिहून दिलं - "मी माझी हरकत मागे घेत आहे."

तोडायचा दिवस रविवार, वेळ सकाळी नऊ. मुळशीकडचे मारुती त्यांची माणसं, दोर आणि मशीनची करवत घेऊन आले. मारुती वर चढायला निघाले आणि मला राहवेना. मी अभ्यासिकेच्या मालकांना म्हटलं, "शटर उघडा."

"कशाला? सगळ्यांना ग्रुपवर कळवलंय. सात वाजता मी स्वतः कुलूप लावलंय."

"उघडा."

"अहो, आत कोणी नाहीये!"

बाल्कनीतून बाबा म्हणाले, "अहो, मग उघडा की! कुलूपच आहे ना, गाभारा नाही."

मालकांनी चडफडत शटर वर केलं. आत एक पंखा चालू होता. अगदी शेवटच्या कप्प्यात, उंच पार्टिशनच्या आड, कानात बोळे घालून प्रणाली बसली होती. सहाला आलेली, फोन रूमवर ठेवून, घड्याळ लावून सराव पेपर सोडवत.

तिनं एक बोळा काढला. "ताई? बारा मिनिटं राह्यलेत माझे."

मालक उरलेले कप्पे एकेक करून बघू लागले. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. एक ओळ खरी ठरली होती. मग दुसरी?

"मारुतीभाऊ, आधी वर नीट बघा. कोणी आहे का."

ते शेंड्यापर्यंत जाऊन आले. "कोन नाय, ताई. कावळ्याचं घरटंबी नाय."

मीही बघत राहिले, मान दुखेपर्यंत. खाली सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सुनावणीशिवाय निकाल देऊ नका, हे मी किती पत्रकांत लिहिलंय... शेवटी मी म्हटलं, "तोडा."

दुपारी मारुतींनी मला हाक मारली. वरचा मोठा दुबेळका, दोन फांद्या फुटतात तो भाग, त्यांनी दोरानं अलगद उतरवून ठेवला होता. बेचक्यात साल नव्हती. लाकूड गुळगुळीत झालेलं, एका माणसाला पुरेल एवढ्या जागेत.

"उंबरा कसा झिजतो, तसं हाय," ते म्हणाले.

"फांद्या एकमेकींवर घासून झालं असेल."

"घासलं की खरवडतं, ताई. हे बसून बसून झालंय." मग त्यांनी वर, आता रिकाम्या असलेल्या जागेकडे पाहिलं. "तिथं बसलं, की खाली नीट त्यो पत्राच दिसतूय."

माहिती अधिकारात मी त्या हरकतीची प्रत मागवली. बाबांनी भिंग लावून पाहिली. "नक्कल करणाऱ्याला अक्षर जमतं," ते म्हणाले, "पण आधी बोडकी अक्षरं आणि मग रेघ, हे कोणाला ठाऊक?" आणि त्यांनी भिंग खणात ठेवून दिलं.

प्रणाली आता खिडकीजवळ बसते. अभ्यासिकेत आता भरपूर ऊन येतं. "पुरावा?" विचारणाऱ्यांसाठी प्रत माझ्या टेबलावर आहे.

मला भीती वाटते ती त्या कागदाची नाही, मी लिहून दिलेल्या कागदाची. ती हरकत माझी असेल, तर "हे मी लिहिलेलं नाही" हे मी खोटं बोलले. आणि माझी नसेल... तर वर बसून जे कोणी स्वतःच्या आधी खालच्या मुलीचं म्हणणं मांडत होतं, त्याची हरकत मी कोणत्या अधिकारानं मागे घेतली?