उंदीरमामांची सहा पिल्लं

प्रयोगशाळेतलं उंदीरघर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे उंदीरमामाच म्हणत. खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. बावीस वर्षं पिंजरे धुऊन हातांना भुशाचा वास बसला होता. घरी नात आधी ते हात हुंगायची, मग मांडीवर बसायची. पोरीच्या अंगात रक्त नीट बनत नव्हतं. दर तीन आठवड्यांनी बाहेरून चढवावं लागे.

उंदीरघराच्या शास्त्रज्ञ बाईंनी माणसाच्या रक्ताचा लाल रंग घडवणारा जीन उंदरांत घातला होता. आधीच्या खेपेला तो ढिम्म हलला नाही. बाई म्हणाल्या, "दिवा बसवला मामा, पण बटण राहिलं. ते डीएनएत बरंच लांब असतं." या वेळी तो बटणाचा तुकडाही जोडला. दोन वर्षं खपून तशी एकच मादी हाती लागली, आणि तिने आपल्या सहा पिल्लांना जवळच घेतलं नाही!

मामांनी पिल्लं दुसऱ्या बाळंतिणीच्या भुशात घोळवली, तिचा वास लावून तिच्या कुशीत सरकवली. तिने मुकाट पाजलं. मामांचा जीव भांड्यात पडला.

पण अशा वेळी दूध पाजायला काळ्या रंगाची उंदरीण निवडायची, म्हणजे पांढरी पिल्लं वेगळी ओळखू येतात. नव्या माणसांकडून हे घोकून घेणारे मामाच घाईत पांढरीकडे गेले होते. सकाळी बघतात तो तिची पाच धरून अकरा पिल्लं, सगळी सारखी. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लपवावं असंही क्षणभर वाटलं.

"बाई, माती खाल्ली मी," त्यांनी सांगून टाकलं.

बाई स्टुलावर बसल्या. "जगली ना सगळी? मग झालं. शेपटीचं टोक तपासू, त्यात जीन सापडला की ते पिल्लू आपलं."

तीन आठवड्यांनी तीन पिल्लांत जीन सापडला. पुढे रक्त तपासलं, तर तिघांतही तो कामाला लागलेला. बाई मामांचा हात सोडेनात.

दुसऱ्या दिवशी मामांची सुट्टी होती. दवाखान्यात नातीच्या हातात सुई होती, रक्त थेंबथेंब उतरत होतं. मामांनी तिला सगळं सांगितलं.

"मग मलापण बटण लावणार?"

खोटं बोलणं सोपं होतं. "अजून नाही गं राणी. आत्ता कुठे उंदरांना लागलंय."

तिने विचार केला. "मग आज त्यांना कोण बघतंय?"

पिशवी रिकामी झाल्यावर मामांनी तिला घरी सोडलं आणि ते थेट उंदीरघरात गेले.