रीत्ताची डावी रायफल

फिनलंडमधल्या आमच्या कुह्मोकडच्या रानात मूस या थोराड हरणाच्या शिकारीला निघायचं म्हणजे टोळीचा म्होरक्या तौनो केम्पाइनेनच. बोलणं कमी, नेम पक्का. त्याची एकुलती एक मुलगी रीत्ता लाकडाचा ट्रक चालवायची आणि बापासारखीच शिकारीची वेडी होती. फक्त ती डावखुरी होती.

पहिल्यापासून तिच्याकडे घरातली जुनी रायफल. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस चढवायला मागेपुढे ओढायचा दांडा, उजव्या अंगाला. रीत्ता डाव्या खांद्यावरून गोळी झाडायची, मग दुसरं काडतूस चढवायला डावा हात रायफलीवरच्या दुर्बिणीवरून पलीकडे टाकायची. तेवढ्यात जनावर नजरेतून सुटायचं. ती कुरकुरली की तौनो म्हणायचा, "माझ्या आजोबांनी याच रायफलीवर घर पोसलं. सवय कर."

एका ऑक्टोबरात तिच्या गोळीने मूस नुसताच जखमी झाला. दुसरी गोळी वेळेत सुटली नाही. कुत्रा घेऊन आम्ही दलदलीतून रक्ताचा माग काढत गेलो. सापडला तेव्हा घोड्याहून उंच असा तो प्राणी आडवा पडून धापा टाकत होता. रीत्ताने तोंड फिरवलं. तौनोने गोळी घातली. परतताना तो मला हळूच म्हणाला, "चूक पोरीची नव्हती."

पुढच्या उन्हाळ्यात तो तिला कायानी शहरातल्या बंदुकांच्या दुकानात घेऊन गेला. मीही बरोबर होतो. भिंतभर रायफली होत्या, पण दुकानदाराने दोनच खाली काढल्या.

"डावखुऱ्यांसाठी एवढ्याच. एक घ्यायची, एक ठेवायची. डोक्याला ताप नाही."

एक अक्रोडाच्या लाकडाची, देखणी. तौनोचा हात तिच्यावरून निघेना. पण तिचा फक्त बोल्ट डावीकडे होता, दस्त्याचा गालाकडचा उंचवटा उजव्यांच्याच सोयीचा. दुसरी काळ्या प्लास्टिकची, पण सगळी डावी. रीत्ता डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायची. लाकडाच्या रायफलीला दर वेळी मान वाकडी करावी लागली. काळीला डोळा आपसूक दुर्बिणीच्या मधोमध आला.

"हीच," ती म्हणाली.

"हे खेळणं?"

"बाबा, मूस काय दस्ता बघायला येतो?"

तौनोला हसू आवरेना. ती दोघं कधी नव्हे ती वाटभर गप्पा मारत आली.

हंगाम उघडायच्या थोडं आधी, पावसाने निसरड्या झालेल्या खडीच्या रस्त्यावर रीत्ताचा ट्रक उलटला. इस्पितळापर्यंतही ती पोचली नाही. त्या वर्षी आमच्यातलं कुणी रानात गेलं नाही.

परवाना तिच्या नावाचा, त्यामुळे रायफल विकायची किंवा दुसऱ्याच्या नावावर करायची, असं पोलिसांनी कळवलं. दुकानदाराने फोन करून सांगितलं, "एक डावखुरं गिऱ्हाईक आहे, विकायचं मी बघतो." तौनो नको म्हणाला आणि स्वतःच्या नावाने अर्ज केला.

"पण तुम्ही तर उजवे ना?" पोलिसाने विचारलं.

"शिकतोय," तौनो म्हणाला.

सगळा हिवाळा तो रिकामी रायफल डाव्या खांद्याला लावून चुलीवर नेम धरून घोडा दाबत बसला. शेवटी त्याची बायको हेल्मी म्हणाली, "तौनो, तो खटखट आवाज मला सोसवत नाही रे. बाहेर जा." मग तो लाकडाच्या शेडमध्ये बसू लागला.

पुढच्या हंगामात माझी जागा त्याच्या शेजारीच होती. बर्चच्या झाडांतून मूस निघाला. तौनोने गोळी झाडली, ती फांदीला लागली. मूस बावचळून आडवा उभा राहिला. दुसऱ्या गोळीला वेळ भरपूर होता. पण तौनोचा उजवा हात सवयीने रायफलीच्या उजव्या अंगाला गेला आणि तिथे नसलेला बोल्ट शोधत राहिला. त्याच्या ध्यानात येईपर्यंत रान मोकळं झालं होतं.

मी त्याच्याजवळ गेलो. त्याने रायफल खाली केली नव्हती.

"इतकी वर्षं पोरगी अशीच चाचपडत होती," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत. आणि मला वाटायचं, हट्टी आहे."

मी त्याच्या हातातून रायफल घेतली, काडतुसं काढली. तौनो शेवाळावर बसला आणि रडला. तिला पुरलं त्या दिवशीही तो रडला नव्हता.

म्होरकेपण त्याने सोडलं. अजून आमच्याबरोबर येतो, पण रिकाम्या हाताने. आम्ही रानात असतो तेव्हा शिकारीच्या झोपडीत मांसाचं सूप ढवळत बसतो. रायफल कपाटात कुलूपबंद आहे. किल्ली त्याच्याच खिशात असते, पण कपाट तो उघडत नाही.