शांत पडलेली मुलगी

परळच्या एका रुग्णालयात सर्जरीची रेसिडेंट म्हणून माझं दुसरं वर्ष चालू होतं. दुपारी अडीचच्या सुमारास कॅज्युअल्टीच्या दारात टॅक्सी थांबली. लालबागच्या पुलाखाली स्कूटर घसरली होती. आधी बापाला उतरवलं, मग त्याच्या सहा वर्षांच्या मुलीला. शाळेतून घरी नेताना त्याने तिला स्कूटरवर पुढे उभी केली होती.

त्याच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. पँट रक्ताने चिंब. तो जिवाच्या आकांताने मालवणीत ओरडत होता, "माझ्या चेडवाक बघा आधी! माका ऱ्हवांदे!"

मी मुलीकडे वळले. कपाळ खरचटलं होतं, बाकी काही दिसत नव्हतं. श्वास नीट, मान हलवल्यावर दुखत नव्हती.

"कुठे दुखतंय गं?"

"कुठेच नाही."

ब्लडप्रेशर नॉर्मल होतं. मला हायसं वाटलं. "हिला बाजूच्या खाटेवर घ्या, मी येतेच," असं सिस्टरना सांगून मी बापाच्या पायाला भिडले. जखम दाबून धरली, घट्ट पट्टी बांधली, पाय फळीवर सरळ केला. दहा मिनिटं गेली असतील.

"डॉक्टर, इकडे या." सिस्टरनी आवाज चढवला नव्हता. अर्धं आयुष्य त्याच कॅज्युअल्टीत काढलेली बाई. "एवढ्या उकाड्यात हिचे पाय बर्फ झालेत."

मी तिच्या बोटाचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं बोट गुलाबी होईना. मनात चारपर्यंत मोजलं. नाडी दीडशेच्या वर. प्रेशर मात्र अजूनही नॉर्मल. रक्त आत वाहत असलं तरी लहान मुलांचं शरीर प्रेशर शेवटपर्यंत सांभाळतं आणि मग एकदम कोसळतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. फ्रॉक वर केला. डाव्या बरगड्यांखाली हँडलच्या टोकाचा गोल वळ उठला होता.

"मला झोप येतेय," ती पुटपुटली.

"झोपायचं नाही हं. तुझ्या वर्गाच्या बाई कोण?"

तिच्या पापण्या मिटू लागल्या.

शीर सापडेना. दोनदा टोचलं, दोन्ही वेळा फुकट. "आता हाडातून," सिस्टर म्हणाल्या आणि सुई माझ्या हातात दिली. गुडघ्याखालच्या हाडात सुई घालून सलाईन देतात, हे मी पुतळ्यावर शिकले होते, जिवंत मुलावर कधीच केलं नव्हतं. बाप समोरच्या खाटेवरून बघत होता. मी जोर दिला. हाड भेदल्याचं हाताला कळलं आणि मुलीने किंकाळी फोडली. इतका दिलासा देणारा आवाज मी क्वचित ऐकला असेल.

आधी सलाईन गेलं, मग रक्त चढू लागलं. सोनोग्राफीत त्या वळाखालीच असलेल्या प्लीहेभोवती काळी पट्टी दिसली, म्हणजे साठलेलं रक्त. आमचे सर धावत आले, ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगून मॉनिटरसमोर उभे राहिले. नाडी एकशे अठ्ठेचाळीस. एकशे चाळीस. अर्ध्या तासाने एकशे बावीस.

"थांबू या," सर म्हणाले. "रक्तस्राव आपोआप थांबतोय असं दिसतंय. पण डोळ्यांत तेल घालून बसा."

तिला आयसीयूत नेलं. पोट उघडावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी मी हाडांच्या वॉर्डात तिच्या वडिलांना भेटायला गेले. पायात सळई घातली होती. मला राहवेना, म्हणून सांगून टाकलं, "तुम्ही तिला आधी बघायला सांगत होतात. मी बघितलं, पण वरवर. दहा मिनिटं उशीर केला."

मी शिव्या ऐकायच्या तयारीत होते.

"पुढे मीच उभी केली होती तिला," ते म्हणाले. मग डोळे पुसून विचारलं, "डॉक्टर, मला वर तिच्याकडे नेतील का? पाच मिनिटं फक्त."

मी व्हीलचेअर शोधायला निघाले.