काकांची मिठाची पिशवी

"थंड आसा मा?" असं विचारत काका कशावरही उलटा हात ठेवायचे. जेवणाच्या डब्यावर, पाण्याच्या बाटलीवर, एकदा तर आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या कपाळावर. वीस वर्षं तोंडवलीहून मासळीचा टेम्पो हाकून मग ते आमच्या रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर चालक म्हणून आले होते. नोकरी बदलली तरी हात जुनेच राहिलेला असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

त्या सकाळी आम्ही एका दात्याचं यकृत गोव्याला नेत होतो. तिथे एका बाईला भूल देऊन टेबलावर घेतलं होतं. यकृताची बर्फाची पेटी माझ्या ताब्यात होती आणि मी अशी पहिल्यांदाच निघाले होते. बांद्याच्या अलीकडे रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. ऊन चढलं, बर्फाचं पाणी होऊ लागलं. मी फोन करायला खाली उतरले.

परत येते तर पेटीचं झाकण उघडं. मागे अडकलेल्या मासळीच्या टेम्पोतून काकांनी बर्फ आणून आत भरला होता आणि सीटखालच्या पिशवीतलं मीठ त्यावर मुठीने पसरत होते. मिठाने बर्फ आणखी गार होतो, ही त्यांची जन्माची विद्या. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

मी रडत त्यांना सांगितलं, की यकृत गार हवं, गोठलेलं नको. गारठ्यात पेशी जणू झोपतात, पण तोच गारठा त्यांना आतून गंजवतो. तो गंज अडवायला यकृताच्या पिशवीतल्या द्रवात अँटिऑक्सिडंट औषध असतं. पण गोठून पेशी फुटल्या की त्या औषधाचाही इलाज चालत नाही.

काका पांढरेफटक पडले. "मासो मेलेलो ठेवतत," ते हळू म्हणाले. "ह्या जिता ठेवचा आसता."

मग त्यांनी उघड्या हातांनी तो खारा बर्फ उपसला, बिनमिठाचा भरला. पेटीतला तापमानाचा काटा तोवर शून्याला, गोठण्याच्या काठावर, टेकला होता.

खरं सांगते, गोव्यात मी गप्पच राहिले असते. काका सरळ तिथल्या डॉक्टरांपुढे गेले. "मीठ मिया घातलंय. ह्या पोरीचो काय दोष नाय."

डॉक्टरांनी यकृत तपासलं आणि आत नेलं. चालेल की नाही, ते लावल्यावरच कळणार होतं. दुपारपर्यंत आम्ही दाराशी जमिनीवर बसून होतो. काकांची बोटं लाल होऊन सुजली होती, माझं लक्ष सारखं तिकडेच. शेवटी नर्सने येऊन सांगितलं, पित्त सुटलं, यकृत कामाला लागलं. काकांनी उठून उरलेलं मीठ मोरीत ओतलं. त्यानंतर ते कैरीसुद्धा मिठाशिवाय खायचे, तोंड वाकडं करून.

पुढे काका वारले तेव्हा ते यकृत मिळालेली बाई तोंडवलीला आली होती. वाकून तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मला मात्र पुढे होववेना. ते थंड असणार, हे मला ठाऊक होतं.