जुने ब्रेकपॅड

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात माझी गाडी दुरुस्त करणारे एक मेकॅनिक आहेत. रत्नागिरीकडचे, साठीला आलेले. नाव मी कधी विचारलं नाही. काम झालं की ते काढलेला जुना पार्ट फडक्याने पुसतात, पिशवीत घालतात आणि माझ्या हातात देतात. नवा पार्ट खरंच टाकला, याचा तो पुरावा.

गेल्या महिन्यात ब्रेकपॅड बदलायला गेलो, तेव्हा डोक्यात मुलीचा शाळेचा निबंध घोळत होता. जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांनी विचारलेला प्रश्न होता: आपण कुणाला दिसणारच नसू, तर सरळ वागू का? मी तो सहज त्यांना विचारला.

पिशवीला गाठ मारत ते म्हणाले, "साहेब, हे पॅड तुमच्याच गाडीचे आहेत, हे तुम्हाला ओळखता येतं?"

"नाही."

"मग दुसऱ्या गाडीचे दिले असते तरी तुम्हाला काय कळलं असतं?"

"मग देता कशाला?"

"माझ्यासाठी. आज हे द्यायचं सोडलं, तर उद्या नवा पार्ट टाकायचंही सोडेन. स्वतःला ओळखून आहे मी. यल्ला, गाडी काढा, मागे लाइन लागली आहे."

घरी मुलीला हे सांगितलं. ती म्हणाली, "सो इज ही गुड ऑर बॅड, बाबा?"

ज्या माणसाचा स्वतःवर भरवसा नाही, त्याच्या हाती मी माझे ब्रेक दिले होते, आणि तरी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात जायला माझं मन तयार नव्हतं.