मामांची बंदूक आणि दसऱ्याची रिंग

अख्ख्या अमेरिकेत माझ्या बायकोच्या मामांइतका निरुपद्रवी बंदूकवाला दुसरा सापडणार नाही. घरात डास शिरला तरी हे गृहस्थ त्याला वहीनं हाकलत हाकलत पॅटिओच्या दारापर्यंत पोचवून येतात. तीस वर्षं चँडलरच्या एका चिप कारखान्यात क्वालिटी तपासण्यात गेली, आणि रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी घर तपासायला घेतलं. मामींनी एकदा इंडियन दुकानातून कुकरला दुसऱ्याच कंपनीची रिंग आणली. झालं! मामांनी सात दिवस वरण शिजायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला, वहीत तक्ता केला आणि आठव्या दिवशी जाहीर केलं, "ओरिजिनल ते ओरिजिनल." मामी म्हणाल्या, "अहो, वरण शिजलंय ना? मग गिळा आता."

असा माणूस बंदुकीच्या नादी लागला तो शेजारच्या बॉबमुळे. बॉब हा ट्रक दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला, भरघोस मिशांचा म्हातारा. तो मामांना एका रविवारी शूटिंग रेंजवर घेऊन गेला. नेम कुठे लागला हे मामांनी त्या दिवशीही पाहिलं नाही आणि नंतरही कधी पाहिलेलं नाही. त्यांना वेड लागलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत एक गोळी सुटली की तिचाच गॅस मागे येऊन बोल्टला, म्हणजे आतल्या सरकत्या लोखंडी ठोकळ्याला, ढकलतो आणि पुढची गोळी आपोआप चढते. तो गॅस वाटेत निसटू नये म्हणून बोल्टवर तीन बारीक कड्या असतात, त्या गॅस रिंगा. "अहो जावईबापू, म्हणजे कुकरच की!" मामा मला फोनवर इतक्या जोरात ओरडले की मला वाटलं लॉटरी लागली. बॉबचं म्हणणं, त्या तीन रिंगा काढून फेक, बाजारात मिळते ती एकसंध रिंग घाल, बंदूक जन्मात अडणार नाही. मामा म्हणाले, "डेटा कुठाय?"

झालं, त्या प्रश्नापायी मामांनी रायफल घेतली. किचनच्या ओट्यावर मामींच्या पोळ्यांशेजारी बोल्टचा तो लोखंडी ठोकळा डोक्यावर उभा राहू लागला. स्वतःच्या वजनानं खाली घसरला तर रिंगा झिजल्या, नाही घसरला तर ठीक. "पीठ लागेल हो त्याला," मामी म्हणत, आणि मामा म्हणत, "तुझ्या पोळीला ग्रीस लागेल, ते बघ." एवढं सगळं शास्त्रोक्त, पण नवीन पार्ट बसवायचा तर मुहूर्त दसऱ्याचाच! खंडेनवमीला रिंग बसवायची, संध्याकाळी शस्त्रपूजा, आणि दसऱ्याला सकाळी रेंजवर टेस्ट. तीन वर्षं तीन कंपन्यांच्या रिंगा झाल्या आणि तिन्ही वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला बंदूक अडली. मामा भिंगातून रिंगेकडे रागानं बघत, घरी येऊन सगळं धुऊन काढत, जुन्या रिंगा घालत, आणि पुढचं वर्षभर बंदूक निमूट चालायची. दर वर्षी मामांच्या सहीचा रिपोर्ट रेंजच्या नोटिस बोर्डवर लागे. तीस वर्षांत एकही रिपोर्ट चुकलेला नाही, ही त्या सहीची ख्याती. लोक खरंच आपल्या एकसंध रिंगा काढून टाकायला लागले. बॉबचा मात्र तिळपापड झाला. "माझी रिंग अकरा वर्षं चाललीय! चूक तुझीच आहे कुठेतरी!" मामांना हे फार लागलं. चौथ्या वर्षी ते मला म्हणाले, "यंदा तुम्ही साक्षीला या. माझ्या सहीचा प्रश्न आहे."

मी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळीच पोचलो. पाटावर मिक्सर, लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हरचा डबा आणि मधोमध रायफल, रिकामी, दोनदा तपासलेली, बोल्ट उघडा. मामा डोळे मिटून, तल्लीन होऊन आरती म्हणत होते. मामींनी हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, मूठभर अक्षता त्या उघड्या बोल्टवर वाहिल्या आणि बंदुकीला हात जोडून हळूच म्हणाल्या, "बाई गं, कुणाला लागू नकोस."

दुसऱ्या दिवशी रेंजवर तिसऱ्या गोळीला बंदूक अडली. मामांनी बोल्ट बाहेर काढून हातावर आपटला, आणि त्यांच्या तळव्यावर पडला कुंकवानं माखलेला तांदळाचा एक दाणा.

मामा त्या दाण्याकडे बघतच राहिले. मला तर हसू आवरेना. तेवढ्यात बॉब धावत आला. "काय सापडलं?" मामांनी मूठ मिटली. "काही नाही." मग त्यांनी सगळं पुसून घेतलं, नवी रिंग घालून शंभर गोळ्या झाडल्या, जुन्या रिंगा घालून शंभर झाडल्या. कुठेच अडली नाही. बोर्डवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: रिंग कुठलीही घाला, फरक पडत नाही. आधीचे तिन्ही रिपोर्ट रद्द. कारण, ऑपरेटर एरर. खाली सही. बॉब मिशीत हसत सगळ्यांना बोलावून बोलावून ते दाखवत होता.

गाडीत मी म्हणालो, "मामा, ऑपरेटर एरर? खरं का नाही लिहिलंत?"

"तुमच्या मामीला कळलं तर पुढच्या वर्षी ती हात नाही लावायची. माझ्या पहिल्या स्कूटरपासून सगळ्याची पूजा करत आलीय ती." मग म्हणाले, "आणि काय हो जावईबापू, ती सांगते कुणाला लागू नकोस, आणि बंदूक ऐकते. याहून रिलायेबल काय असतं?"

यंदा मामी लेकीच्या बाळंतपणाला रेडमंडला आहेत. घर नुसतं खायला उठतं, असं मामाच म्हणाले. खंडेनवमीला मी फोन धरून उभा राहिलो आणि मामांनी व्हिडिओ कॉलवर पूजा केली. चिमूटभर अक्षता वाहिल्या तर तिकडून मामी ओरडल्या, "अहो, मूठभर वाहा! कंजुषी कसली करताय? आणि सांगितलंत का तिला?" मामा घसा खाकरून बंदुकीवर वाकले आणि पुटपुटले, "बाई गं, कुणाला लागू नकोस."

सकाळी रेंजवर दुसऱ्याच गोळीला बंदूक अडली. पलीकडून बॉब आनंदानं ओरडला, "ऑपरेटर एरर!" मामांनी बोल्ट काढला, तांदळाचे दाणे एकेक निवडून रुमालात बांधले आणि मला म्हणाले, "मामीला फोन लावा हो. सांगू या, पूजा नीट झाली म्हणून."