आधी ब्रेक, मग रंग
ब्रेकचं लायनर जळल्याचा वास आला की मला दर्यापूरचा रस्ता आठवतो. दादानं आणि मी जुन्या जीपचं छप्पर कापून, तिला मोठ्या गाडीचं इंजिन बसवून आमची खास गाडी बनवली होती. "दादा, इंजिन एवढं जोराचं अन् ब्रेक जुनेच? आधी ते बदलू," मी सारखी म्हणायचे. "तुले काय समजते त्यातलं? आधी रंग मारू," तो म्हणायचा. लालभडक रंग वाळला आणि पहिल्या फेरीला त्यानं मलाच चालवायला बसवलं. वळणावर बैलगाडी दिसताच मी ब्रेक दाबला, धूर निघाला, पण गाडी थांबेना, म्हणून मी ती सरळ कपाशीत घातली. लोक धावत आले, तेव्हा माझ्या कपाळातून रक्त येत होतं, आणि दादा त्यांना सांगत होता, "पोरीच्या हाती गाडी देली, अजून काय होईन?" मी ओरडले, "ब्रेक कोनं बदलू नाही देले, तेही सांग ना!" कुणी ऐकलं नाही. आज अमरावतीत माझ्या गॅरेजात प्रत्येक गाडीचे ब्रेक आधी होतात. दादा मात्र पाहुण्यांना अजूनही तीच गोष्ट तशीच सांगतो, आणि मी दर वेळी जेवण टाकून त्याच्याशी भांडते.